‘फॅरनहाइट ४५१’ नेमायची तर अख्खी नेमा: इंग्रजी अभ्यास मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
इंग्रजी अभ्यास मंडळ

सादर नमस्कार.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ ही कादंबरी येत्या वर्षापासून काढायची आणि तिच्या जागी निवडक उतारे व सारांश असलेली पुस्तिका नेमायची, असं आपण ठरवलं आहे. आपण तीन कारणं दिली आहेत. विषय कालबाह्य झाला, भाषा विद्यार्थ्यांना झेपत नाही, आणि काही शब्द व प्रसंग आक्षेपार्ह आहेत. ही तिन्ही कारणं आम्ही नीट वाचली. त्यांतलं एकही आम्हाला पटलेलं नाही. या निर्णयावर गप्प बसणं आम्हाला जमणार नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

आमच्यात ही कादंबरी वर्गात शिकवणारे आहेत, ग्रंथालयांत पुस्तकांची खरेदी आणि देवघेव पाहणारे आहेत, आणि ज्यांची मुलं याच वर्गांत बसतात असे पालकही आहेत. पुस्तिका नेमली की प्रश्न पुस्तिकेवर येतात, गाइड पुस्तिकेवर निघतं, आणि मूळ पुस्तक कपाटातून काढायला कोणी येत नाही. एका वर्षात त्याची मागणी थांबते आणि तीन-चार वर्षांत ते ‘न वापरलेली पुस्तकं’ म्हणून निर्लेखनाच्या यादीत जातं. बंदीचा हुकूम न काढता पुस्तक वर्गातून नाहीसं होण्याची ही वाट आम्हाला रोजच्या कामातून माहीत आहे.

आधी मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. ही कादंबरी आज वाचण्याजोगी आहे का? आहे. ती निर्दोष आहे असं मात्र आम्ही म्हणणार नाही. तिच्यात ढोबळ दोष आहेत आणि त्यांबद्दल पुढे लिहिलं आहे. पण सेन्सॉरशिप कशी जन्माला येते याचं जे उत्तर ही कादंबरी देते, ते शाळा-कॉलेजात सहसा कोणी देत नाही. आपल्या पुस्तिकेतून नेमकं तेच गळलं आहे.

पुस्तिकेत काय आहे ते पाहू. सुरुवातीचं घर जाळणं आहे, पुस्तकांसकट स्वतःला पेटवून घेणारी म्हातारी आहे, यांत्रिक कुत्र्याचा पाठलाग आहे, नदीपार पळून जाणं आहे आणि शेवटी पुस्तकं पाठ करून जपणारी माणसं आहेत. म्हणजे घटना आहेत. या कादंबरीत बंबवाल्यांचं काम पुस्तकं जाळणं हे आहे; त्यांचा कॅप्टन बीटी आजारी म्हणून घरी पडलेल्या माँटॅगच्या, म्हणजे नायक असलेल्या बंबवाल्याच्या, पलंगाशी बसून जे लांबलचक भाषण करतो, ते नाही. म्हाताऱ्या प्राध्यापक फेबरचं म्हणणं तीन ओळींत उरकलं आहे. भाषणं लांब असतात, त्यांत काही ‘घडत’ नाही, म्हणून सारांश करणारा ती आधी कापतो, हे आम्ही समजू शकतो. पण ती कापली की उरते एका दुष्ट सरकारची आणि एका शूर माणसाची गोष्ट. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितो, ‘या कादंबरीत सरकार पुस्तकांवर बंदी घालते.’ त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात, आणि ते उत्तर चूक असतं.

बीटी काय सांगतो? हे वरून, सरकारकडून आलंच नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. आधी हुकूम नव्हता, जाहीरनामा नव्हता. आधी वेग वाढला. छायाचित्रं, सिनेमा, रेडिओ, टेलिव्हिजन आले, सगळं मोठ्या जमावासाठी बनू लागलं आणि म्हणून सोपं होत गेलं. अभिजात पुस्तकं पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसवली गेली, मग दोन मिनिटांत वाचून होणाऱ्या रकान्यात, आणि शेवटी कोशातल्या दहा-बारा ओळींत. ‘हॅम्लेट’ म्हणजे एका पानाचा सारांश, एवढंच लोकांना ठाऊक राहिलं. मग प्रत्येक गटाला काही ना काही टोचू लागलं, प्रकाशकांनी आणि संपादकांनी टोचणारं काढून टाकलं, आणि उरलेलं बेचव लिखाण लोकांनी आपणहून वाचणं सोडलं. दरम्यान घरं पूर्ण अग्निरोधक झाली होती आणि बंबवाले रिकामे होते. त्यांना हे नवं काम मिळालं. सरकार या साखळीत सगळ्यात शेवटी येतं.

माननीय सदस्य, या भाषणात सारांश हे पहिलं हत्यार आहे. ज्या कादंबरीत आग लागण्याच्या कितीतरी आधी पुस्तकं संक्षेपाने मरतात, ती कादंबरी आपण संक्षेपाने शिकवायला निघाला आहात. यात आपला हेतू वाईट आहे असं आम्ही मानत नाही. विद्यार्थ्यांची सोय पाहावी याच भावनेतून हे झालं असणार. पण बीटीच्या सांगण्यातही सगळं सोयीसाठीच होतं.

ही साखळी परदेशी कल्पनेतली आहे, आपल्याकडे लागू नाही, असं आपल्या टिपणात सुचवलं आहे. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला करून ग्रंथ आणि हस्तलिखितांची नासधूस केली. वाद शिवचरित्राविषयीच्या एका इंग्रजी पुस्तकावरून होता. त्यातला क्रम बघावा. प्रकाशकाने ते पुस्तक नोव्हेंबर २००३ मध्येच भारतातून मागे घेतलं होतं. जमाव आला जानेवारीच्या सुरुवातीला. राज्य सरकारची बंदी त्यानंतर, त्याच महिन्यात आली, आणि पुढे न्यायालयात ती टिकली नाही. त्या पुस्तकाबद्दल कोणाचं मत काहीही असो, आधी प्रकाशक, मग जमाव आणि शेवटी सरकार हा क्रम बीटीच्या भाषणाशेजारी ठेवला की विद्यार्थ्याला कादंबरी आपोआप कळते. हे भाषण पुस्तिकेत नसेल, तर शिक्षकाने काय कशाशेजारी ठेवायचं?

आता आक्षेपार्ह शब्द. या बाबतीत या पुस्तकाचा इतिहास आपल्यासमोर नसावा, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

कादंबरी ऑक्टोबर १९५३ मध्ये अमेरिकेत बॅलंटाइन बुक्सने काढली. १९६७ मध्ये त्याच प्रकाशकाने हायस्कूलसाठी वेगळी आवृत्ती आणली आणि तीत ७५ ठिकाणी बदल केले. शिव्यांसारखे वाटणारे साधे शब्द गेले, गर्भपाताचा उल्लेख गेला, दारू प्यालेला माणूस आजारी झाला, बेंबीतला मळ काढण्याचा उल्लेख कान साफ करण्यावर आला. पुस्तकावर याची कुठेही सूचना नव्हती. लेखकालाही सांगितलं नव्हतं. काही वर्षं मूळ आणि कापलेली अशा दोन्ही आवृत्त्या बाजारात होत्या. १९७३ पासून मात्र फक्त कापलेलीच छापली जाऊ लागली. ते १९७९ मध्ये ब्रॅडबरींच्या लक्षात आणून दिलं गेलं तेव्हा त्यांनी मूळ मजकूर परत आणायला लावला आणि एक जोडलेख लिहून झालेला प्रकार वाचकांसमोर ठेवला. सेन्सॉरशिपवरची कादंबरी सहा वर्षं गुपचूप सेन्सॉर होऊन विकली जात होती, आणि हे कोणा सरकारने केलं नव्हतं. शाळांना पुस्तक खपवायचं होतं, शाळांकडून तक्रार येऊ नये एवढीच काळजी होती. पुढे १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमधल्या एका शाळेने मुलांना वाटलेल्या प्रतींतले काही शब्द काळ्या शाईने खोडले. पालकांनी आणि वृत्तपत्रांनी आवाज उठवला तेव्हा तो प्रकार थांबला.

आपण वगळलेल्या जागा आम्ही मूळ पुस्तकाशी ताडून पाहिल्या. दुसऱ्या भागात माँटॅग बायकोच्या मैत्रिणींना मॅथ्यू अर्नल्डची ‘डोव्हर बीच’ ही कविता वाचून दाखवतो. मिसेस फेल्प्स रडायला लागते, मिसेस बोल्स संतापते, आणि माँटॅग तिच्यावर ओरडतो: घरी जा आणि तुझ्या घटस्फोटित नवऱ्याचा, विमानात मेलेल्या नवऱ्याचा, स्वतःला गोळी घालणाऱ्या नवऱ्याचा, तुझ्या गर्भपातांचा विचार कर. पुस्तिकेत कविता आहे, रडणं आहे आणि मग ‘त्या निघून जातात’. का जातात ते नाही. एका कवितेने एका बाईला रडू यावं आणि दुसरीला राग यावा, याचं कारण त्या ओरडण्यात आहे. त्यांच्या आयुष्यात जे घडलं आहे त्याकडे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही, आणि कविता ते पाहायला लावते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी अठरा-एकोणीस वर्षांचे असतात, मतदान करतात. ‘गर्भपात’ हा शब्द त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

याच जागेचा एक व्यवहारी उपयोग ग्रंथपालांसाठी सांगून ठेवतो. जुनी प्रत हाती आली तर ती कापलेली आहे का हे ओळखण्यासाठी दुसऱ्या भागातलं हे ओरडणं उघडावं. त्यात गर्भपाताचा उल्लेख नसेल तर ती कापलेली आवृत्ती आहे आणि वर्गासाठी घेऊ नये. १९७३ ते १९७९ या काळात छापलेल्या बॅलंटाइनच्या पेपरबॅकबद्दल विशेष सावध राहावं. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर किंवा अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत अशी प्रत निघू शकते. पुस्तकाच्या शेवटी लेखकाचा १९७९ चा जोडलेख असेल तर प्रत बहुधा पूर्ण असते. जोडलेख नसणं हा मात्र कापल्याचा पुरावा नाही, कारण १९६७ पूर्वीच्या पूर्ण प्रतींत तो असूच शकत नाही. नवी खरेदी करताना सायमन अँड शूस्टरची २०१३ ची साठाव्या वर्षाची आवृत्ती किंवा तिच्यानंतरची कोणतीही पूर्ण आवृत्ती चालेल. संदर्भासाठी पान क्रमांक देऊ नयेत. आवृत्तीगणिक पानं बदलतात आणि वर्गात अर्धा तास पान शोधण्यात जातो. भाग आणि प्रसंग सांगावा.

‘कालबाह्य’ या आक्षेपाबद्दल. कानात घालायचे शिंपल्याएवढे रेडिओ, भिंतभर टीव्ही, त्यातल्या नटांना ‘कुटुंब’ मानणारी माँटॅगची बायको मिल्ड्रेड, हे सगळं १९५३ चं आहे आणि आज घराघरात आहे. म्हणून कादंबरी ‘भविष्य अचूक सांगणारी’ आहे, असा बचाव अनेकजण करतात. आम्हाला तो बचाव अपुरा वाटतो. वर्गात हाच मुद्दा पहिल्यांदा मांडला की मुलं ‘सर, इअरफोन!’ म्हणतात, हसतात आणि चर्चा तिथेच बसते. उपकरणांच्या यादीसाठी कादंबरी वाचायची गरज नाही. मिल्ड्रेडला चौथी टीव्ही-भिंत हवी असते, तिची किंमत दोन हजार डॉलर, म्हणजे माँटॅगच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. त्याच मिल्ड्रेडने झोपेच्या गोळ्यांची बाटली रिकामी केल्यावर पोट आणि रक्त साफ करायला जे दोघे येतात ते डॉक्टर नसतात, यंत्र चालवणारे कामगार असतात, आणि अशा नऊ-दहा केसेस रोज रात्री असतात असं सहज सांगून पुढच्या घरी जातात. दुसऱ्या दिवशी तिला काही आठवत नाही. हे दोन प्रसंग एकत्र वाचायला लावा, आणि मग विचारा की या घरात कमी काय आहे.

त्याचं उत्तर फेबर देतो. पुस्तकांत जादू नाही, असं तो माँटॅगला आधी बजावतो. हवं असलेलं तेच टीव्हीवरही असू शकलं असतं. तीन गोष्टी हव्यात, असं त्याचं म्हणणं: माहितीचा कस, ती पचवायची फुरसत, आणि या दोन्हींतून जे उमगलं त्याप्रमाणे वागण्याची मुभा. पहिल्या गोष्टीवर आपले अभ्यासक्रम बोलतात. दुसरी आणि तिसरी कुठेच नसते. आजच्या विद्यार्थ्याजवळ माहिती अमाप आहे, फुरसत चोरीला गेली आहे, आणि वागण्याची मुभा घराघरात वेगवेगळी आहे. मुलींनी या तिसऱ्या मुद्द्यावर वर्गात जे बोलायचं असतं ते बोलायला जागा मिळते ती याच पानांवर. सारांशात या तीन गोष्टी तीन गोळ्यांसारख्या छापल्या आहेत, पाठ करून लिहायला.

या फेबरचं आणखी एक आहे, ते आपल्या मंडळाने जरूर वाचावं. तो इंग्रजीचा प्राध्यापक. चाळीस वर्षांपूर्वी शेवटचं कला महाविद्यालय विद्यार्थी आणि आश्रयदाते न मिळाल्याने बंद पडलं तेव्हा तो घरी बसला. कोणी टाळं ठोकलं नव्हतं. त्या वेळी बोलू शकत होतो आणि बोललो नाही, म्हणून आपणही दोषी आहोत, अशी कबुली तो देतो. कला शाखेतले प्रवेश घटत असताना इंग्रजीच्या शिक्षकांनी हा परिच्छेद वगळावा, हे आम्हाला फार खटकलं.

काळाचा संदर्भ हवा असेल तर तोही पक्का देता येतो. नाझी विद्यार्थ्यांनी १० मे १९३३ रोजी बर्लिनला पुस्तकांची होळी केली, त्याला ही कादंबरी आली तेव्हा वीस वर्षं झाली होती. आणि अमेरिकेत सिनेटर मॅकार्थींची माणसं परदेशांतल्या अमेरिकी ग्रंथालयांतून ‘कम्युनिस्ट’ पुस्तकं हुडकत होती. १४ जून १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांना सांगितलं की पुस्तकं जाळणाऱ्यांत सामील होऊ नका. चार महिन्यांनी ही कादंबरी आली. हे एका तासिकेत सांगून होतं. त्याहून जास्त वेळ पार्श्वभूमीला देऊ नये, नाहीतर मुलं पार्श्वभूमीच लिहितात.

भाषा झेपत नाही, हे अर्धं खरं आहे. नेमकं काय झेपत नाही ते पाहिलं तर उपाय सापडतो. वाक्यं लहान आहेत, शब्दसंपदा फार कठीण नाही. अडथळा आहे तो रूपकांचा, आणि तो पहिल्या पंधरा-वीस पानांत सर्वाधिक आहे. रॉकेल फवारणारी नळी अजगर होते, पुस्तकं कबुतरांसारखी फडफडत मरतात, झोपायची खोली थडगं होते. मुलं प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडतात, गोष्ट हातातून सुटते आणि पुस्तक मिटतात. दुसरी अडचण माँटॅग भुयारी रेल्वेत बायबल पाठ करायचा प्रयत्न करतो आणि टूथपेस्टची जाहिरात त्याच्या कानावर आदळत राहते, त्या प्रसंगाची. तिथे वाक्यं मुद्दाम तुटकी आहेत. तिसरी, बीटी स्वप्नात माँटॅगशी झालेला अवतरणांचा सामना सांगतो तिथली. प्रत्येक अवतरण कोणाचं ते शोधत बसलं की दोन तासिका वाया जातात. मुद्दा एवढाच की बीटीने प्रचंड वाचलं आहे आणि तरी तो जाळतो.

यावर उपाय महाग नाहीत. पहिली वीस पानं शिक्षकाने वर्गात मोठ्याने वाचावीत, न थांबता. रूपकांचा अर्थ मध्येच सांगू नये, पान संपल्यावर मराठीत विचारावा. रेल्वेचा प्रसंग दोन विद्यार्थ्यांनी वाचावा, एकाने बायबलची ओळ आणि दुसऱ्याने जाहिरात, एकाच वेळी. वर्गात गोंधळ होतो, आणि तुटकी वाक्यं का आहेत ते समजावून सांगावं लागत नाही. कादंबरी सुमारे ४६ हजार शब्दांची आहे. इंग्रजी सवयीचं नसलेल्या विद्यार्थ्याने मिनिटाला १२० शब्द धरले तरी साडेसहा तासांच्या आत संपते. १२ तासिका पुरतात: पार्श्वभूमीला एक, पहिल्या भागाला पाच (तो सर्वांत मोठा आहे आणि बीटीचं भाषण त्यात आहे, त्याला एक पूर्ण तासिका), दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन, आणि शेवटची दोषांवर. पुस्तिकेसाठी आपण ठेवलेल्या तासिका याहून फार कमी नाहीत. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गाला ग्रंथालयात १५ प्रती असल्या आणि चौघांच्या गटाला एक प्रत दिली तर काम चालतं. गट वाचनाचा वेग आपणच राखतो, कारण पुढच्याला प्रत हवी असते.

तिसऱ्या भागाची आमच्या विद्यार्थ्यांना बहुधा अडचण येत नाही. पुस्तक पाठ करून ते देहात जपणारी माणसं म्हटल्यावर इंद्रायणीत बुडवलेली गाथा कोणीतरी काढतंच. काढू द्यावी. पुढे मात्र विचारावं की ओव्या-अभंग लोकांच्या तोंडी टिकतात, डार्विनचा ग्रंथ टिकेल का? कादंबरी हा प्रश्न टाळते.

आता दोष. आपल्या टिपणात नसलेले खरे दोष आम्हीच सांगतो, कारण ते लपवून पुस्तकाची बाजू घेणं बरोबर नाही. स्त्रिया कच्च्या आहेत. मिल्ड्रेड आणि तिच्या मैत्रिणी निव्वळ पोकळ, आणि शेजारची सतरा वर्षांची क्लॅरिस माँटॅगला जागं करून कथेतून नाहीशी होते. ती गाडीखाली मेली एवढं उडतउडत कळतं. शेवटी भेटणारे पुस्तक-जपणारे सगळे पुरुष आहेत. ते जपत असलेल्या ग्रंथांत प्लेटो, डार्विन, गांधी, बुद्ध आहेत, पण एकही लेखिका नाही. अणुयुद्ध काही क्षणांत उरकतं आणि त्यात मेलेल्या शहराबद्दल फारसं दुःख होत नाही. १९७९ च्या जोडलेखात ब्रॅडबरींनी आपल्या पुस्तकांत स्त्रिया वाढवा, अमुक बदला असं सुचवणाऱ्यांना साफ नकार दिला आहे. पुस्तक बदलू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण वर्गात त्यावर बोलावं, आणि बोलायला पुस्तक समोर पाहिजे.

सगळ्यात अवघड जागा बीटीच्या भाषणातच आहे. काळ्या लोकांना हे पुस्तक आवडत नाही, जाळा, गोऱ्यांना ते पुस्तक रुचत नाही, जाळा, असं तो म्हणतो. जणू गुलामांच्या वंशजांचा आक्षेप आणि मालकांच्या वंशजांचा आक्षेप एकाच तागडीत बसतो. महाराष्ट्रातल्या वर्गात हे वाचलं की कोणीतरी विचारतंच: मग २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, ते काय? हा प्रश्न टाळणारा शिक्षक आमच्या मते कादंबरी शिकवतच नाही. आमचं उत्तर असं. महाडला जाळलं ते माणसांना पायदळी ठेवणारी आज्ञा म्हणून चालत आलेलं शास्त्र, जाळलं ते उघडपणे, ठराव करून, ज्यांच्या हाती सत्ता नव्हती अशांनी. कोणाला ते वाचू द्यायचं नाही हा हेतू नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः त्या ग्रंथाचा कसून अभ्यास केला होता, त्यावर पुढेही लिहीत राहिले, आणि दादरला ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. बीटी लोकांना वाचण्यापासून सोडवतो. बाबासाहेबांनी ज्यांना शतकानुशतकं वाचू दिलं नव्हतं त्यांना वाचायला सांगितलं. हे उत्तर सगळ्यांना पटेलच असं नाही. वर्गात त्यावर एक तास वाद व्हावा, आणि ब्रॅडबरींनी सत्तेचा हा फरक का पाहिला नाही हेही विचारलं जावं. आपल्या पुस्तिकेने हा तासच काढून घेतला आहे. वाद होऊ नये म्हणून काढला असेल तर तसं लेखी सांगावं.

पुस्तिकेसोबत चित्रपट दाखवण्याची शिफारस आहे, त्याविषयी थोडक्यात. फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोचा १९६६ चा चित्रपट स्वतंत्र कृती म्हणून चांगला आहे. त्यात फेबर नाही, यांत्रिक कुत्रा नाही, युद्ध नाही, क्लॅरिस मरत नाही, आणि ती व बायको एकाच नटीने केली आहे. तो पाहून कादंबरीवरचं उत्तर लिहिणारा विद्यार्थी नापास होईल. कादंबरी संपल्यावर तुलनेसाठी दाखवावा.

कायद्याचीही बाजू आहे. ब्रॅडबरी ५ जून २०१२ रोजी गेले. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं प्रताधिकार राहतो, म्हणजे ही कादंबरी २०७२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ मधली पाठ्यसंग्रहांसाठीची सवलत छोट्या उताऱ्यांपुरती आहे आणि संग्रह मुख्यतः प्रताधिकारमुक्त मजकुराचा असावा लागतो. एकाच कादंबरीचे लांब उतारे आणि संक्षेप यांना ती लागू होईल असं आम्हाला वाटत नाही. शिवाय कलम ५७ लेखकाच्या कृतीचं विच्छेदन करण्यालाही आक्षेप घेऊ देतं. हक्कधारकांची परवानगी घेतली आहे का, हे आपण जाहीर करावं.

आमच्या मागण्या अशा आहेत:

१. पुस्तिका नेमण्याचा निर्णय मागे घ्यावा आणि पूर्ण, न कापलेली कादंबरी नेमावी. परिपत्रकात ‘पूर्ण आवृत्ती’ असा स्पष्ट उल्लेख असावा.

२. पूर्ण कादंबरी नेमणं मंडळाला अजिबात शक्य नसेल, तर ती अभ्यासक्रमातून काढावी आणि तिच्या जागी दुसरं कोणतंही पुस्तक अख्खं नेमावं. कापलेली ‘फॅरनहाइट ४५१’ शिकवण्यापेक्षा ती न शिकवलेली बरी.

३. पुस्तिकेत काय वगळलं, प्रत्येक जागी कोणत्या कारणाने, आणि ते कोणी ठरवलं, याची यादी प्रसिद्ध करावी.

४. प्रश्नपत्रिकेत किमान एक प्रश्न असा असावा की ज्याचं उत्तर मूळ पुस्तक वाचल्याशिवाय लिहिता येणार नाही. बीटीच्या भाषणातली एखादी कडी देऊन ती पटते का, हे विचारणं पुरेसं आहे.

५. संलग्न महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना प्रत्येकी १५ प्रतींच्या खरेदीची शिफारस करावी आणि जुन्या प्रती वर सांगितल्याप्रमाणे तपासून घ्यायला सांगावं.

६. अंतिम निर्णयाआधी ही कादंबरी शिकवणाऱ्या शिक्षकांची आणि शिकलेल्या विद्यार्थ्यांची एक बैठक बोलवावी. १२ तासिकांचं तपशीलवार नियोजन आणि प्रश्नसंच आम्ही विनामूल्य करून देऊ.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पत्र कार्यपत्रिकेवर घ्यावं आणि जो निर्णय होईल तो कारणांसह लेखी कळवावा, ही विनंती.

आपले,
इंग्रजी आणि मराठी साहित्याचे काही शिक्षक, ग्रंथपाल, पालक आणि वाचक